सरकारी योजनेवर लक्ष कसं ठेवायचं आणि तिचं मूल्यमापन कसं करायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका पाणी योजनेची पाहणी करायला गेले होते. तिथल्या रजिस्टरमध्ये रोज दोन तास पाणी सोडल्याची नोंद होती, अगदी व्यवस्थित, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, सहीसकट. पानं उलटता उलटता एप्रिलवर आले तर तिथे 31 तारखेचीही नोंद. मग रजिस्टर बंद केलं आणि सरळ शेवटच्या गल्लीत गेले, तिथे एका घरासमोरच्या नळाच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलेलं. वर जो महिन्याचा रिपोर्ट गेला होता त्यात हे घर 'नळजोडणी पूर्ण' मध्ये मोजलेलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं, जोडणी पूर्णच होती.

तर रिपोर्टमधलं आणि नळाच्या तोंडाशी असलेलं हे अंतर शोधायचं, मोजायचं आणि ज्याच्या हातात ते कमी करणं आहे त्याच्यापर्यंत न्यायचं, एवढंच हे काम आहे. सरकारी कागदात याला 'संनियंत्रण व मूल्यमापन' म्हणतात, ऑफिसात 'एम अँड ई', म्हणजे मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन. नाव ऐकून घाबरायचं काही कारण नाही. तुम्ही स्थानिक संस्थेत नव्याने लागलेले कर्मचारी असाल, निवडून आलेले सदस्य असाल किंवा नागरिकांचा एखादा गट, पायऱ्या साधारण याच.

आधी दोन शब्दांतला फरक

संनियंत्रण म्हणजे साधी देखरेख, काम चालू असताना सतत बघत राहणं, ठरलं तसं होतंय का, पैसा वेळेत येतोय का, कुठे अडलंय. मूल्यमापन म्हणजे मध्येच किंवा शेवटी थांबून विचारायचं की या सगळ्याने लोकांच्या आयुष्यात फरक पडला का, पडला तर कोणाच्या, आणि तो आपल्या योजनेमुळेच पडला का. देखरेखीत तुम्ही रस्त्यावर लक्ष ठेवता, मूल्यमापनात बघता की पोचायचं होतं तिथेच पोचलो का. दोन्ही लागतात. नवीन लोक बऱ्याचदा पहिलं करतात आणि त्यालाच दुसरं समजतात, म्हणजे शंभर टक्के निधी खर्च झाला की योजना यशस्वी असं लिहून मोकळे होतात.

आणि सुशासन हा शब्द सगळीकडे येतो तर त्याचंही सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने सुशासनाची आठ वैशिष्ट्यं दिली आहेत: लोकसहभाग, कायद्याचं राज्य, पारदर्शकता, लोकांच्या गरजेला प्रतिसाद, सहमती, समन्याय व सर्वसमावेशकता, परिणामकारकता व कार्यक्षमता, आणि उत्तरदायित्व. आठही एकदम मोजायला जाऊ नका. तुमच्या योजनेला लागू होणारी दोन-तीन घ्या आणि त्यांचे साधे प्रश्न करा. पारदर्शकता म्हणजे काय, तर यादीत नाव का आलं नाही हे माणसाला विचारता येतं का आणि किती दिवसांत उत्तर मिळतं. असा प्रश्न केला की मोजता येतं, नुसत्या 'पारदर्शकता चांगली आहे' या वाक्याचं काही करता येत नाही.

पहिली पायरी: हे कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार

फॉर्म बनवायच्या आधी हे लिहून काढा, अगदी एका वाक्यात. 'पुढच्या बजेटच्या आधी पाणी समितीला ठरवायचंय की नवीन टाकी बांधायची की जुनी पाइपलाइन बदलायची.' बस. हे वाक्य नसेल तर तुम्ही सत्तर प्रश्नांचा फॉर्म बनवाल, तीन महिने घरं फिराल, आणि जो अहवाल होईल तो कपाटात जाईल. मी असे जाडजूड अहवाल पाहिलेत, त्यात लोकांनी आपला वेळ काढून, कामं बाजूला ठेवून दिलेली उत्तरं असतात आणि ती कोणी उघडत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून ही पायरी पहिली.

वाक्यात तारीखही टाका. निर्णय जूनमध्ये होणार असेल तर ऑगस्टमध्ये आलेली कितीही अचूक माहिती उपयोगाची नाही.

दुसरी पायरी: साखळी मांडा

एक कोरा कागद आडवा घ्या. डाव्या बाजूला काय घालणार ते लिहा (पैसा, माणसं, सामान), मग काय करणार (पाइप टाकणं, जोडण्या देणं), मग त्यातून लगेच काय दिसेल, म्हणजे आउटपुट (अमुक इतके नळ), मग लोकांच्या वागण्यात किंवा सोयीत काय बदलेल, म्हणजे आउटकम (घरात रोज पुरेसं पाणी, लांबून पाणी आणण्याचा वेळ वाचला), आणि उजव्या टोकाला दूरचा परिणाम (पाण्यामुळे होणारे आजार कमी, मुलींची शाळेतली हजेरी वाढली).

आता प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मधल्या बाणावर बोट ठेवा आणि विचारा, हे आपोआप होईल असं आपण कशाच्या जोरावर धरलंय? नळ बसला की पाणी येईल, यात धरलंय की स्रोतात पाणी आहे, पंपाला वीज आहे, व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस आहे आणि त्याला पगार मिळतो. हे जे धरून चाललेलं असतं ना, योजना तिथेच मोडते. त्या कोळ्याच्या जाळ्याच्या नळाचं पण तेच झालं होतं, पाइप ठीक, टाकी ठीक, पण गल्ली उंचावर होती आणि खालच्या भागाचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय वर दाब पोचत नव्हता आणि तो बंद करायची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. देखरेखीचे निम्मे प्रश्न या बाणांवरून काढायचे.

तिसरी पायरी: मोजके निर्देशक आणि सुरुवातीची स्थिती

निर्देशक म्हणजे इंडिकेटर. एका योजनेला पाच ते आठ पुरे. प्रत्येकासाठी लिहा: नेमकं काय मोजणार, आकडा कुठून येणार, किती दिवसांनी, कोण गोळा करणार. 'नियमित पाणी' असं लिहू नका, 'गेल्या सात दिवसांत किमान पाच दिवस नळाला पाणी आलेली घरं, शंभरपैकी किती' असं लिहा. दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजलं तरी आकडा साधारण तोच यायला हवा, ही कसोटी.

काम सुरू व्हायच्या आधीचा आकडा घ्याच, म्हणजे बेसलाइन. हा एक असा भाग आहे की तो हुकला तर नंतर भरून काढता येत नाही. दोन वर्षांनी लोकांना विचारलं 'आधी पाणी भरायला किती वेळ लागायचा' तर उत्तर मिळतं, पण ते आठवणीतलं असतं, आणि आजच्या रागाचा किंवा आनंदाचा रंग त्याला लागलेला असतो.

आणि सरासरीवर विसंबू नका. समजा सारख्याच आकाराच्या पाच वस्त्या आहेत, चारमध्ये शंभर टक्के घरांना पाणी आणि पाचव्या वस्तीत एकाही घराला नाही. सरासरी 80 टक्के येते, बैठकीत सगळे समाधानी होतात, आणि ती पाचवी वस्ती आकड्यात दिसतच नाही. म्हणून आकडे वस्तीप्रमाणे, स्त्री-पुरुष, अपंग व्यक्ती असलेली घरं, भाड्याने राहणारी घरं असे तोडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कोण सुटलं हे बघितलं नाही तर समन्याय या शब्दाला अर्थ उरत नाही.

अजून एक धोका, निर्देशकावरच माणसाचं बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून ठेवली की तो आकडा सुधारतो आणि काम तिथेच राहतं. किती शौचालयं बांधली एवढंच मोजलं तर शौचालयं बांधली जातात, त्यात सरपण ठेवलेलं असलं तरी. म्हणून बांधलं या आकड्याशेजारी वापरलं हा आकडा नेहमी जोडीने ठेवायचा.

चौथी पायरी: पैशाचा माग

वरून किती निघाला, मधल्या प्रत्येक टप्प्यावर किती पोचला, शेवटी काम जिथे व्हायचं तिथे किती आला. हे तीन रकाने भरले तरी पुष्कळ उघडं पडतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण युगांडाचं आहे. तिथे 1991 ते 1995 या काळात शाळांना दर विद्यार्थ्यामागे जे अनुदान सरकारकडून निघत होतं त्यातलं सरासरी फक्त 13 टक्के शाळेपर्यंत पोचत होतं, आणि हे सरकारी हिशेबात कुठेच दिसत नव्हतं, संशोधकांनी सुमारे 250 शाळांत जाऊन प्रत्यक्ष नोंदी तपासल्या तेव्हा कळलं. त्यानंतर सरकारने जिल्ह्यांना किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांनाही आलेली रक्कम फलकावर लावायला सांगितलं. 2001 पर्यंत पोचण्याचं प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं होतं.

या उदाहरणाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण त्यात एक मेख आहे. पण आत्ता एवढंच घ्या की दोन टोकांचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय गळती दिसत नाही. देणाऱ्याचा हिशेब बरोबर असतो, घेणाऱ्याचाही बरोबर असतो, दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

पाचवी पायरी: जागेवर जा

इथे जरा जास्त वेळ घालवते कारण नवीन माणूस इथेच शिकतो.

काय लोकांना विचारायचं आणि काय स्वतः मोजायचं हे आधी ठरवा. इंडोनेशियात 2003-04 मध्ये 600 पेक्षा जास्त गावांतल्या रस्त्याच्या कामांवर बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने एक अभ्यास केला. रस्ता झाल्यावर इंजिनियर लोकांनी रस्ता ठिकठिकाणी खोदून त्यात खडी-वाळू खरोखर किती आहे ते काढलं, आसपासच्या दुकानदारांकडून भाव घेतले, मजुरीची चौकशी केली, आणि त्यावरून रस्त्याला खरा खर्च किती आला असेल ते मांडून गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. बांधकामात थोडं सामान असंही वाया जातं, मग ते किती जातं हे कळावं म्हणून त्यांनी छोटे प्रयोगाचे रस्तेही बांधून पाहिले! इतकी काळजी घेतल्यावरच 'इतका पैसा गायब आहे' असं म्हणायचा अधिकार मिळतो.

निष्कर्ष दोन आले. ज्या गावांना आधीच सांगितलं होतं की तुमचं ऑडिट नक्की होणार, तिथे गायब खर्च सुमारे 8 टक्के पॉइंटने कमी झाला. आणि ज्या गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकांना जास्त संख्येने बोलावलं तिथे एकूण फरक फारसा पडला नाही, फक्त मजुरीतली चोरी कमी झाली, सामानातली नाही. विचार केला तर लक्षात येतं की मला मजुरी मिळाली की नाही हे मला पक्कं माहीत असतं, रस्त्याखाली खडी किती गेली हे मला डोळ्यांनी दिसत नाही. तर लोकांना ते विचारा जे त्यांना माहीत असतं: पैसे हातात आले का, पाणी किती वाजता येतं, चकरा किती माराव्या लागल्या. खोली, जाडी, वजन, पाइपचा व्यास, हे टेप घेऊन, तांत्रिक माणूस सोबत घेऊन मोजा.

कोणत्या घरी जायचं हे दाखवणाऱ्या माणसावर सोडू नका, तो चांगलीच घरं दाखवणार. घरांची यादी घ्या, समजा 400 घरं आहेत आणि तुम्हाला 40 बघायची आहेत तर दर दहावं घर, आणि 1 ते 10 मधला सुरुवातीचा आकडा चिठ्ठी काढून ठरवा. चिठ्ठीत 7 आलं तर 7, 17, 27 असं. घर बंद असेल तर शेजारच्या घरात घुसू नका, संध्याकाळी परत या, कारण दिवसा बंद असणारी घरं बहुतेक कामावर जाणाऱ्यांची असतात आणि तीच सुटतात. मोठ्या वस्तीत असं सरसकट निवडलेल्या 100 घरांवरून काढलेली टक्केवारी साधारण दहा टक्के पॉइंट इकडेतिकडे असू शकते, 400 घरांची साधारण पाच. म्हणजे चाळीस घरांवरून '62.5 टक्के' असं दशांशात लिहिण्यात काही अर्थ नाही, 'दहापैकी साधारण सहा' लिहा.

विचारताना तिथे कोण उभं आहे ते बघा. एका घरी मी विचारत होते आणि माझ्या मागे स्थानिक अधिकारी उभे होते, बाई म्हणाल्या पाणी रोज येतं, काही त्रास नाही. मी आभार मानून निघाले, कोपऱ्यावरून परत वळले, एकटीच, म्हटलं तांब्याभर पाणी मिळेल का. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं, तिथे ओळीने निळे ड्रम भरून झाकून ठेवलेले. ज्या घरी रोज पाणी येतं तिथे कोणी इतके ड्रम भरून ठेवत नाही. तेव्हापासून मी उत्तराआधी घर बघते, आणि अधिकाऱ्यांना नम्रपणे सांगते की तुम्ही जरा बाहेर थांबा.

नाव लिहून घ्यायची गरज नसेल तर घेऊ नका. घेतलं तर का घेताय ते सांगा आणि कागद असा ठेवा की तक्रार कोणी केली हे बाहेर जाणार नाही, लहान वस्तीत एका वाक्यावरूनही माणूस ओळखला जातो आणि त्याचं पाणी तोडलं गेलं तर ती जबाबदारी आपली. मोबाइलवर फॉर्म भरायचे तर ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स आहेत, नेटवर्क नसतानाही चालतात. पण आधी पाच-सहा घरी कच्चा फॉर्म वापरून बघा, कोणता प्रश्न लोकांना कळत नाही ते लगेच दिसतं.

सहावी पायरी: फरक पडला, पण आपल्यामुळे पडला का

आता युगांडाची मेख. 13 वरून 80 च्या वर, हे सगळं वर्तमानपत्रातल्या आकड्यांमुळे झालं असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. नंतर इतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्याच काळात तिथली निधी पाठवायची पद्धत, वरची देखरेख, शिक्षणावरचं धोरण हेही बदलत होतं, म्हणून सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. माहिती जाहीर करण्याचं महत्त्व यामुळे कमी होत नाही, पण आधी आणि नंतर एवढं ताडून 'आमच्यामुळे झालं' म्हणणं किती कच्चं असतं ते कळतं.

म्हणून तुलना लागते, योजना जिथे आली नाही अशा तत्सम जागेशी. मेक्सिकोत 1997 मध्ये गरीब कुटुंबांना मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी या अटींवर पैसे देणारी प्रोग्रेसा योजना सुरू झाली तेव्हा अभ्यासासाठी 506 गावं घेतली, त्यातल्या 320 मध्ये आधी सुरू केली आणि 186 मध्ये नंतर, कोणती आधी हे चिठ्ठीसारखं ठरवलं. त्यामुळे फरक स्वच्छ दिसला. 2000 मध्ये तिथे सरकार बदललं तरी योजना नाव बदलून चालू राहिली, पुरावा हातात होता हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. तुमच्याकडे एवढी सोय नसेलच. पण योजना टप्प्याटप्प्याने येणार असते ना बहुतेक वेळा, मग ज्या वस्तीत ती पुढच्या वर्षी येणार आहे तिथलेही तेच आकडे आत्ताच घेऊन ठेवा, फुकटात तुलना मिळते.

प्रश्नांची चौकट हवी असेल तर ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचे सहा निकष जगभर वापरतात: योजना गरजेची होती का, इतर योजनांशी जुळते का, उद्दिष्ट साधलं का, साधनं काटकसरीने वापरली का, परिणाम काय झाला, आणि तो टिकेल का. हे 1991 मध्ये पाच होते, जुळण्याचा निकष 2019 मध्ये वाढवला. लहान योजनेला सहाही लावत बसू नका, पण टिकण्याचा प्रश्न कधीच सोडू नका, ठेकेदार गेल्यावर दुरुस्ती कोण करणार हे विचाराच.

सातवी पायरी: लोकांसमोर ठेवा

राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किरानामध्ये डिसेंबर 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. केलं काय, तर कामांची बिलं आणि मजुरांचे हजेरीपट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. बास. ज्यांनी काम केलंच नाही त्यांची नावं हजेरीत, न झालेल्या कामांची बिलं, आणि ऐकणारे लोक तिथेच उभे राहून सांगू लागले. अशा सुनवायांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि भारतात 2005 मध्ये कायदा झाला. कागद वाचता न येणाऱ्यालाही वाचून दाखवला की तो त्यातली चूक पकडतो, हे मी स्वतःही पाहिलंय, आणि म्हणून माझा अहवाल मी आधी लोकांत वाचून दाखवते, मग वर पाठवते. चुका माझ्याही निघतात, त्या तिथेच दुरुस्त होतात.

माहिती कुठल्या मार्गाने पोचते यानेही फरक पडतो. ब्राझीलमध्ये 2003 पासून केंद्र सरकारने सोडत काढून नगरपालिकांचं ऑडिट सुरू केलं आणि अहवाल जाहीर केले, पुढच्या निवडणुकीत जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे भ्रष्टाचार सापडलेल्या महापौरांना जास्त फटका बसला. तर वेबसाइटवर पीडीएफ टाकून थांबू नका. फलक, बैठकीत वाचन, मोबाइलवर दोन मिनिटांचा आवाज, जे तिथे ऐकलं-वाचलं जातं ते. एक पान पुरे: काय बघितलं, काय सापडलं, कोणी काय करायचं.

आठवी पायरी: तारीख आणि नाव

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर तीन रकाने: काय करायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. 'संबंधितांनी कार्यवाही करावी' असं लिहिलं तर कोणीच करत नाही, संबंधित म्हणजे कोण? नाव नाही तर निदान पद लिहा. ज्यांच्यावर ताशेरे आहेत त्यांना अहवाल आधी दाखवा आणि त्यांचं उत्तरही त्यात घाला, बऱ्याचदा त्यांची अडचण खरी असते, व्हॉल्व्हवाल्याला चार महिने पगार नव्हता हे मला असंच कळलं होतं.

मग त्या तारखेला परत जा. त्या उंचावरच्या गल्लीत मी तीन महिन्यांनी गेले तेव्हा व्हॉल्व्हची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहिलेली होती, वेळापत्रक टाकीच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, पाणी एक दिवसाआड येत होतं. पगार अजून थकलेलाच होता. ती ओळ तशीच ठेवली, समोर नवीन तारीख टाकली, आणि नळाच्या तोंडाशी बादली लावून ती भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघून वहीत लिहून घेतलं.